इतवारी जिंका, सोमवारी विका

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर जुन्या मोटार शर्यती पाहणं हा त्याचा सध्याचा उद्योग. एका दुपारी मला हाक मारून म्हणाला, "आजोबा, इकडे या. ही बघा तुमची ऑप्ट्रा!"

"माझी" म्हणजे काय, तर शेजारच्या सराफाकडे कधीकाळी एक शेवरले ऑप्ट्रा होती आणि आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे अर्ध्या मोहल्ल्याचं काम असे. मी आयुष्यात चारचाकी चालवलेली नाही. सायकल, नंतर लूना, आणि आता पाय. पण पडद्यावर पाहिलं तर खरंच तीच गाडी. निळा रंग, अंगभर आकडे आणि जाहिराती, आणि मागून येणाऱ्याला कोपरखळी मारत वळणावर घुसत होती. युरोपात तिचं नाव लासेट्टी. जागतिक टूरिंग कार स्पर्धेत शेवरले कंपनी २००५ सालापासून तिला घेऊन उतरली होती.

मी सहज विचारलं, "अरे, कंपन्या हा खटाटोप करतात कशासाठी?"

नातवाचं उत्तर तयार होतं. "आजोबा, रेस ट्रॅक म्हणजे प्रयोगशाळा. तिथे शिकलेलं तंत्रज्ञान पुढे आपल्या गाड्यांत येतं."

संध्याकाळी गांधीबागेत फिरायला गेलो तेव्हा आमच्या बाकावरच्या मित्राला हेच विचारलं. त्याचंही उत्तर तयार. "काहून डोकं लावून राहिले मास्तर? पैसेवाल्यायचे चोचले हाय ते."

मंडळी, माझं म्हणणं असं की ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. आणि ती चुकीची असण्यातच त्या कंपन्यांचा फायदा आहे. पहिलं उत्तर त्यांना हवंच असतं. दुसऱ्यामुळे आपण तिकडे बघणं सोडून देतो. मला मात्र आता या गोष्टीकडे बघायचं एक घरचं कारण आहे. ते पुढे सांगतो.

आधी आमच्या इतवारीबद्दल. नागपुरात रविवारला इतवार म्हणतात. इतवारचा बाजार भरायचा ती इतवारी. तशाच बुधवारी आणि मंगळवारीही आहेत. आता गंमत बघा. अमेरिकेत मोटारी विकणाऱ्यांची एक जुनी म्हण आहे, तिचा आपल्या भाषेतला अर्थ असा: इतवारी जिंका, सोमवारी विका. रविवारी शर्यतीत गाडी पहिली आली की सोमवारी दुकानात गिऱ्हाईक आलंच म्हणून समजा. नातवाने ही म्हण सांगितली तेव्हा मला हसू आलं. हे समजायला अमेरिकेत जायची काय गरज? आमच्या विदर्भात शंकरपट काय वेगळा असतो? तळेगाव दशासरच्या पटात जोडी सेकंदाच्या हिशेबात पहिली आली की तिची किंमत तिथल्या तिथे चढते. बक्षिसापेक्षा ती चढलेली किंमत मोठी. बैलावर बंदी आली २०१४ साली, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. या सात-आठ वर्षांत शौकाइतकाच बाजारही बुडाला, हे गावातला कोणीही सांगेल.

फरक एवढाच की पटात जी जोडी धावते तीच विकली जाते. मोटारीचं तसं नाही.

टूरिंग कार शर्यत म्हणजे काय, ते माझ्यासारख्यांसाठी सांगतो. फॉर्म्युला वनची गाडी दिसायला विमानासारखी, तिचा आपल्या दारातल्या गाडीशी संबंध नाही. टूरिंग कार मात्र दिसते आपल्याच गाडीसारखी. चार दारं, तोच तोंडवळा, तोच बिल्ला. आत मात्र सगळं निराळं. सीट काढलेल्या, पोलादी नळ्यांचा पिंजरा, वेगळं इंजिन, वेगळे ब्रेक. म्हणजे दिसणं आपलं आणि असणं परकं. या एकाच गोष्टीसाठी कंपन्या ही स्पर्धा निवडतात. फॉर्म्युला वन पाहून माणूस टाळ्या वाजवतो. टूरिंग कार पाहून त्याला वाटतं, ही तर मी घेऊ शकतो.

आता लासेट्टीचीच गोष्ट घेऊ. ही गाडी मुळात शेवरलेची नव्हतीच. ती कोरियातल्या देवूची. देवू आपल्याला आठवत असेल, सिएलो आणि मॅटिझवाली. ती कंपनी बुडाली, अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तिचा मोटारीचा धंदा घेतला, आणि २००४-०५ च्या सुमारास युरोपातल्या देवूच्या गाड्यांवर शेवरलेचा बिल्ला लावला. (आपल्याकडे मॅटिझ पुढे स्पार्क नावाने आली, तोही तोच प्रकार.) आता युरोपातल्या गिऱ्हाइकाला हे नाव नवं. त्याने विश्वास कसा ठेवावा? मग त्याच वर्षी, २००५ साली, जागतिक टूरिंग कार स्पर्धा नव्याने सुरू झाली आणि शेवरले पहिल्याच वर्षी त्यात हजर. समोर बीएमडब्ल्यू, आल्फा रोमिओ, सिआट. बीएमडब्ल्यूच्या शेजारी उभं राहिलं की लोक आपल्यालाही त्याच रांगेतलं समजतात, हे साधं व्यवहारज्ञान आहे. लग्नात मोठ्या माणसाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणारे आपल्या नात्यातही असतात.

पुढे लासेट्टी जाऊन क्रूझ आली. २०१०, २०११, २०१२ अशी सलग तीन वर्षं शेवरले जगज्जेती. वा! पण जरा थांबून विचारा, समोर होतं कोण? सिआटने २००९ नंतर कंपनीचा संघ काढून घेतला होता. बीएमडब्ल्यू २०१० नंतर निघून गेली. शेवटच्या दोन वर्षांत शेवरलेच्या बरोबरीचा कारखान्याचा संघ जवळपास उरलाच नव्हता. वर्गातली हुशार पोरं शाळा सोडून गेल्यावर पहिला नंबर आला, तर मास्तर म्हणून मी त्या प्रगतिपुस्तकावर सही करीन, पण पाठ थोपटताना हात जरा आखडता घेईन.

आणि २०१२ संपताच शेवरलेही गेली. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, जनरल मोटर्सने जाहीर केलं की शेवरले युरोपातल्या बहुतेक बाजारांतून बाहेर पडणार. आपल्याकडे २०१७ अखेर विक्री बंद झाली. पुण्याजवळच्या तळेगावचा कारखाना, २००८ साली मोठ्या थाटात सुरू झालेला, निर्यातीसाठी काही काळ चालला आणि २०२० च्या डिसेंबरात थांबला. पुढे तो ह्युंदाईने घेतला. तीन वेळा जग जिंकलेल्या गाडीचे सुटे भाग शोधत माणसं हिंडली. शर्यतीतल्या विजयाने बाजारातली एक वीटही वाचली नाही. मग प्रयोगशाळेत जे शिकले ते कुठे गेलं, असं मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, तो बिझनेस डिसिजन होता." मी म्हटलं, "बाबा रे, उतरणं हाही तोच होता."

सिआटचं घ्या. ही फोक्सवॅगनच्या घरातली स्पेनमधली कंपनी. तिने २००८ आणि २००९ ही दोन्ही वर्षं डिझेल गाडीने जिंकली. डिझेल! कारण त्या काळात युरोपात या घराण्याला डिझेल गाड्या खपवायच्या होत्या. डिझेल म्हणजे धूर आणि खडखडाट ही जुनी समजूत पुसायला शर्यतीइतकं चांगलं फडकं नाही. नियमात डिझेलला झुकतं माप मिळतं म्हणून प्रतिस्पर्ध्यांनी बराच आरडाओरडाही केला होता. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये काय उघडकीला आलं ते आपण पेपरात वाचलंच. त्याच घराण्याच्या डिझेल गाड्या प्रदूषणाच्या चाचणीत एक वागत होत्या आणि रस्त्यावर दुसरं. भारतातही तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. शर्यतीने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. शर्यतीत गाडी धावली, जिंकली. पण जो प्रश्न विचारायला हवा होता तो शर्यतीने विचारलाच नाही. प्रश्न निवडण्याची मुभा परीक्षार्थीला होती.

सिट्रोएन २०१४ मध्ये आली ती सी-एलिझे नावाची साधी, कुटुंबाची गाडी घेऊन. ही गाडी मुख्यतः चीन, रशिया, तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका अशा बाजारांसाठी काढलेली. आणि त्या वर्षी स्पर्धेच्या शर्यती कुठे कुठे होत्या पाहा: मोरोक्को, रशिया, अर्जेंटिना, चीन. दुकान कुठे लावायचं हे आधी ठरलं आणि मग शर्यत निवडली. तीन वर्षं ओळीने जिंकली आणि २०१६ अखेर निघाली. रशियाची लाडाही तेव्हाच गेली. २०१७ मध्ये व्होल्वो जिंकली, तीही लगेच गेली. तिच्या चिनी मालकाने, गीलीने, लिंक अँड को हे नवं नाव काढलं होतं. मग जुन्या संघाने २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या पळवल्या. म्हणजे पुन्हा नवं नाव आणि पुन्हा जुन्या नावांशेजारी उभं राहून फोटो.

कुठली शर्यत निवडायची याची आणखी दोन कारणं मला नातवाशी बोलताना समजली. एक म्हणजे नियम. टूरिंग कारमध्ये जिंकणाऱ्या गाडीवर पुढच्या वेळी वजन लादतात. कुस्तीत जिंकलेल्या मल्लाच्या पाठीवर पुढच्या कुस्तीला पोतं बांधावं तसं. प्रेक्षकांना चुरस मिळते. पण कंपनीचा हिशेब काय? हरलो तर वजनामुळे, जिंकलो तर वजन असूनही. दोन्हीकडून बोलायला तोंड आहे. दुसरं म्हणजे दूरदर्शनची सोय. एकाच रविवारी दोन छोट्या शर्यती, पन्नास-साठ किलोमीटरच्या, भरपूर धक्काबुक्की. त्या जागतिक स्पर्धेचं आयोजन एका क्रीडा वाहिनीच्याच घरचं होतं. तेव्हा शर्यतीची लांबी इंजिनाच्या दमापेक्षा प्रेक्षकाच्या दमावर ठरली तर आश्चर्य कसलं?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर नातू म्हणेल आजोबा एकतर्फी लिहितात. नियम चांगला असेल तर शर्यतीतून गिऱ्हाइकाला खरंच काही मिळतं. १९८० च्या दशकात नियम होता की जी गाडी शर्यतीत आणायची ती बारा महिन्यांत पाच हजार तरी बनवली पाहिजे. त्या नियमापोटी बीएमडब्ल्यूची एम-थ्री जन्माला आली. लोकांनी ती विकत घेतली, वापरली. तिथे दिसणं आणि असणं यांतलं अंतर नियमाने कमी केलं होतं. व्होल्वोने १९९४ साली इंग्लंडच्या स्पर्धेत चक्क मागे सामान ठेवायची लांबडी स्टेशन वॅगन पळवली. एकही शर्यत जिंकली नाही, पण 'म्हाताऱ्यांची गाडी' ही हेटाळणी थांबली. असल्या खेळकरपणाला माझी ना नाही. जाहिरात करावी, हसतखेळत करावी.

पण नियम सैल सुटला की काय होतं तेही बघा. जर्मनीतल्या टूरिंग कार स्पर्धेत तंत्रज्ञानाला इतकी मोकळीक मिळाली की गाड्या म्हणजे चाकांवरचे संगणक झाले. ती स्पर्धा जागतिक करायला निघाले, ब्राझील आणि जपानपर्यंत नेली, आणि १९९६ अखेर ओपेल व आल्फा रोमिओ खर्चाला कंटाळून बाहेर पडल्या. मर्सिडीज एकटी उरली. खेळ खलास. तीच स्पर्धा पुढे नव्याने उभी राहिली, तर २०१८ नंतर मर्सिडीज गेली, २०२० नंतर ऑडी. म्हणजे ज्या ठिकाणी खरोखर प्रयोगशाळा उभी राहिली तिथून कंपन्या आधी पळाल्या. नातवाच्या सिद्धांताला हे उदाहरण कसं बसवायचं ते तो अजून शोधतो आहे.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण खरा राग तिथे आहे.

भारतात कंपन्यांनी काय निवडलं? चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये पोलो कप आला. सगळ्या गाड्या पोलो. पुढे व्हेंटो आली, अमिओ आली, पण सगळ्या एकाच घरच्या. टाटांनी मार्च २०१४ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर ट्रकच्या शर्यती भरवल्या. सगळे ट्रक प्राइमा. पहिला आला तो प्राइमा आणि शेवटचा आला तोही प्राइमा!

न्यायाने बोलायचं तर चालवणाऱ्या पोरांसाठी ही पद्धत चांगली. गाडी सारखी, मग कस लागतो तो हाताचा. बापाकडे लाखो रुपये नसलेल्या पोरालाही यातून वर यायची एक वाट दिसते. टाटांनी सुरुवातीला परदेशी चालक आणले, पण नंतर आपल्याच ट्रक ड्रायव्हरांना शिकवून शर्यतीत उतरवलं. ही गोष्ट मला मनापासून आवडली. मालेगाव-धुळ्याच्या रस्त्यावर रात्रभर ट्रक हाकणाऱ्या माणसाच्या हुन्नराला टाळ्या मिळाव्यात, यात वाईट काय?

पण गाडीची परीक्षा म्हणून हे काय आहे? शाळेने आपल्याच शाळेतल्या पोरांची स्पर्धा घ्यावी, पेपर आपण काढावा, आपणच तपासावा, आणि निकालाच्या दिवशी पेपरात जाहिरात द्यावी की पहिला क्रमांक आमच्याच शाळेचा. पस्तीस वर्षं मास्तरकी केली. असा निकाल मी शिक्षण खात्याकडे पाठवला असता तर दुसऱ्या दिवशी नोटीस आली असती.

एकाच किमतीच्या, एकाच इंजिनाच्या, दुकानात मिळतात तशाच गाड्या सगळ्या कंपन्यांनी समोरासमोर आणाव्यात, असं आपल्याकडे कुठल्या मोठ्या कंपनीने पुढाकार घेऊन केलं? त्यात हरण्याचा धोका आहे. म्हणून नाही.

महिंद्राचं जरा वेगळं. आमच्या हिंगण्याला त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना, त्यामुळे नागपूरकराला ते घरचे वाटतात. विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई स्पर्धा सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंगला सुरू झाली तेव्हापासून ते त्यात आहेत. जगभरच्या बड्या नावांशी समोरासमोर लढून २०१७ मध्ये बर्लिनला पहिला विजय मिळवला. हे धाडस खरं. पण त्याच वर्षीचं नागपूर आठवा. मे २०१७ मध्ये इथे विजेच्या टॅक्सींचा गाजावाजा करून आरंभ झाला, त्यात महिंद्राच्या छोट्या गाड्या होत्या. वर्षभराच्या आत बातम्या आल्या की चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जातात, धंदा बुडतो, म्हणून ड्रायव्हर पुन्हा पेट्रोल-डिझेलकडे जायचं म्हणताहेत. दोष एकट्या गाडीचा नव्हता, सगळ्या व्यवस्थेचा होता. पण बर्लिनच्या शर्यतीला चार्जिंगची रांग नसते. शर्यत तोच प्रश्न विचारते ज्याचं उत्तर देखणं असतं.

आता घरचं कारण.

माझ्या बहिणीचा मुलगा २०१२ मध्ये गाडी घ्यायला निघाला. बँकेत नोकरी, नुकतं लग्न झालेलं. "मामा, तुम्ही चला नं संग. तुम्ही नीट वाचून पाहता सगळं." गेलो. शोरूममध्ये एक खास आवृत्ती उभी होती. बॉनेटवरून छतापर्यंत दोन पांढरे पट्टे, दारावर शर्यतीतल्यासारखा आकडा, सीटवर लाल दोरा. सेल्समन म्हणाला, "सर, ही रेसिंगच्या रक्ताची गाडी आहे." कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या काळी बहुतेक सगळ्यांचं हेच होतं. त्याच किमतीत दुसरी एक आवृत्ती होती. तिला पट्टे नव्हते, एअरबॅग होत्या. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी, नीट वाचून पाहणारा माणूस, म्हणालो, "तू कुठे शंभरच्या वर चालवणार आहेस? आणि शर्यतीत धावते म्हणजे मजबूतच असेल की."

हे वाक्य माझं आहे. सेल्समनचं नाही.

दीड वर्षाने बुटीबोरीच्या अलीकडे रात्री उभ्या ट्रॉलीवर गाडी आदळली. वेग फार नव्हता. स्टिअरिंग छातीत बसलं. सहा महिने अंथरुणावर, दोन ऑपरेशनं. जीव वाचला. आजही जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबतो. त्याने मला कधी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच जास्त लागतं. गाडी ओढून आणली तेव्हा मी पाहायला गेलो होतो. पुढचा भाग चेपून गेला होता, पण छतावरचे पट्टे अगदी जसेच्या तसे होते.

तेव्हा नातू म्हणतो की शर्यतीतलं तंत्रज्ञान खाली आपल्या गाडीत येतं, तेव्हा मी विचारतो, नेमकं कोणतं येतं? शर्यतीत माणूस वाचवायची विद्या केव्हाच तयार झाली होती. पिंजरा, खांद्यावरून येणारे पट्टे, मान सांभाळणारी चौकट, आग विझवायची सोय. त्या धडकेतून पोरं कपडे झटकत बाहेर येतात. पण खाली आले ते रंगाचे पट्टे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आदळवून पाहिल्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-टेन आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य तारे.

पोलो कप तेव्हा चार वर्षांचा झाला होता. शर्यतीतल्या पोलोत पोलादी पिंजरा, दुकानातल्या स्वस्त पोलोत शून्य. फोक्सवॅगनने मात्र लगेच एअरबॅगशिवायची पोलो विकणं थांबवलं, हे नोंदवायलाच हवं. एअरबॅगवालीला चार तारे मिळाले. म्हणजे करता येत होतं. विचारणारं कोणी नव्हतं.

आणि विचारणारं कोणी आलं की काय होतं, ते पुढच्या पाच वर्षांत दिसलं. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच. टाटांनी त्याची भरभरून जाहिरात केली. मग महिंद्रा मागे राहिली नाही. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या एक्सयूव्ही ३०० ला पाच तारे. कंपन्या एकमेकींशी समोरासमोर, एकाच नियमाने, दुकानातल्याच गाड्या घेऊन, बाहेरच्या परीक्षकापुढे झुंजू लागल्या. मंडळी, भारतातली खरी टूरिंग कार स्पर्धा ही आहे. ताशी ६४ किलोमीटर, एकच फेरी, समोर भिंत. चालक म्हणून बाहुला. आणि यात जिंकलं की सोमवारी गाडी विकली जाते, हेही सिद्ध झालं.

म्हणून माझा निष्कर्ष साधा आहे. कंपनी ती शर्यत निवडते जिथे तिचं गिऱ्हाईक बसलेलं असतं. याबद्दल तिच्यावर चिडून उपयोग नाही. दुकानदार दुकानदारासारखा वागणार. आपण कुठे बसायचं ते मात्र आपल्या हातात आहे. २०१२ मध्ये मी पट्ट्यांपुढे बसलो होतो.

आणि सरकारचं काय? चालकाच्या बाजूची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्याची २०२१ मध्ये. आमच्या नागपूरचेच खासदार गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅपची घोषणा केली, १ ऑक्टोबरपासून ती लागूही झाली. आनंद आहे. पण ती सुरू झाली ऐच्छिक म्हणून. कंपनीला वाटलं तर गाडी परीक्षेला बसवावी. पुन्हा तेच! परीक्षेला बसायचं की नाही हे ज्याने ठरवायचं, तो आपली कच्ची पोरं घरी ठेवणार. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. सगळी गाडीच्या दोषाने गेली नाहीत, बहुतेक तर गाडीत नव्हतीच. पण जी गाडीत होती त्यांना आपण कशात बसलो आहोत हे माहीत असण्याचा हक्क होता.

मी राहतो सराफ्याच्या मागे. लहानपणापासून सोन्याचा व्यवहार पाहतो आहे. जुन्या सराफाचा शब्द म्हणजे कस, असं आमची आई म्हणे. तरीही जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, २५६ जिल्ह्यांपासून सुरुवात करून. सराफांनी कुरकुर केली, ऑगस्टात एक दिवस दुकानंही बंद ठेवली. पण सरकार हललं नाही आणि ते बरोबरच केलं. आता पाच ग्रॅमची अंगठी घेतली तरी तिच्यावर बाहेरच्याचा शिक्का असतो. मग सात-आठ लाखांच्या गाडीला, जिच्यात बायको आणि लेकरं बसवायची, तिला शिक्का मर्जीचा का? सोन्याची शुद्धता कळणं सक्तीचं आणि जिवाची किंमत कळणं ऐच्छिक, हा कुठला न्याय?

मागणं मोठं नाही. दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक आवृत्तीवर तिचे तारे लिहा. परीक्षा झाली नसेल तर "परीक्षा झाली नाही" असं लिहा. आणि ज्या गाडीवर शर्यतीचे पट्टे लावाल, तिच्यावर ते तारे पट्ट्यांइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा. मग खुशाल बर्लिनला धावा, बुद्ध सर्किटवर धावा, जिंका, विका. मीही नातवाबरोबर बसून बघीन. खोटं कशाला बोलू, त्या लासेट्टीची कोपरखळी मलाही आवडली होती.

नातू परवा पुण्याला गेला. जाताना सांगून गेला की नोकरी लागली की पहिली गाडी घेणार, आणि घ्यायला मला संगे नेणार. मी म्हटलं, "मला नको रे. तुझ्या काकाला ने." काका म्हणजे तो माझा भाचा. तो शोरूममध्ये शिरतो तेव्हा रंग आणि पट्टे बघत नाही. आधी खाली वाकून दार उघडतो, स्टिअरिंगवर मधोमध हात ठेवतो, आणि विचारतो, "याच्यात आत काय आहे?"